सुरगाठ

सायकल ही माणसाने बसण्याची वस्तू आहे, अशी सदुसष्ट वर्षे माझी समजूत होती. ती मोटारीवर बसविण्याचीही वस्तू आहे, आणि हे बसविणे सायकलवर बसण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हा शोध मला ऐन म्हातारपणी लागला. तोही परमुलखात, आणि पोटच्या पोराकडून.

आम्ही राहतो काशीगावात. मुंबईची हद्द संपते आणि वसईची खाडी यायची असते, त्या मधल्या पट्ट्यातले हे गाव. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली आणि आम्ही कागदोपत्री शहरवासी झालो. पण एका बाजूला हमरस्त्यावरच्या मालमोटारी आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामध्ये गावपण अजून कुठेकुठे तग धरून आहे. जवळच घोडबंदर. एके काळी या बंदरात परदेशी घोडे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला आणि १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला. पूर्वी मला नेहमी प्रश्न पडे, की ज्याच्यावर बसून जायचे तो घोडाच गलबतात बसवून आणायचा, हा काय उफराटा प्रकार? त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते इंग्लंडात.

आमचे चिरंजीव शेफील्डला असतात. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. पोचल्यावर चौथ्या दिवशी चिरंजीवांनी जाहीर केले, "शनिवारी डोंगरात सायकली चालवायला जाऊ. सायकली गाडीवर टाकून नेऊ."

सौ. ने पोळी लाटता लाटता विचारले, "म्हणजे आधी सायकल मोटारीवर बसून जाणार, आणि मग तुम्ही सायकलवर बसणार? मग सगळी मोटारीतच का नाही बसत?"

या प्रश्नाला आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

तिकडच्या पुष्कळ मोटारींच्या मागे, बंपरच्या खाली, बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला एक लोखंडी दांडा असतो आणि त्याच्या टोकाला लिंबाएवढा पोलादी गोळा. गोळा बरोबर ५० मिलिमीटर व्यासाचा. मूळ उपयोग मागे गाडा जोडून ओढण्याचा. पण त्याच गोळ्यावर सायकली ठेवण्याची एक घोडी बसविता येते. 'घोडी' हा माझा शब्द. चिरंजीव तिला रॅक म्हणतात.

शुक्रवारी रात्री चिरंजीवांनी हिशेब मांडला. गोळ्यावर वरून किती भार चालेल ते दांड्यापाशी एका पत्र्यावर कोरलेले असते. आमच्या गाडीचा आकडा होता ७५ किलो. घोडी १९ किलोची, चिरंजीवांची सायकल १५, सूनबाईंची १४ आणि नातवाची ११. एकूण ५९.

"सोळा किलो शिल्लक आहेत," मी म्हणालो. गणित हा आमच्या घराण्याचा विषय. माझे वडील गणिताचे मास्तर होते.

"मग माझी खाण्याची पिशवी तिथेच अडकवा," सौ. म्हणाली.

शनिवारी पहाटे पाचला मला जाग आली. इंग्लंडात जूनमध्ये पाच वाजता लख्ख ऊन पडलेले असते आणि माणूस मात्र एकही उठलेला नसतो. काय करावे? मी बाहेर येऊन गाडीभोवती फिरू लागलो. तो पोलादी गोळा पाहून माझा जीव कळवळला. इतका कोरडा ठणठणीत! आमच्या घरात लोखंडाला कोरडे ठेवण्याची पद्धत नाही. शिवणयंत्र, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, सगळ्यांना महिन्याकाठी तेल मिळायचे. मी चिरंजीवांच्या खोपटातून वंगणाची डबी शोधून काढली आणि त्या गोळ्याला लहान बाळाला माखावे तसे मनसोक्त माखले. चिरंजीवांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून काही बोललो मात्र नाही.

धक्का बसला खरा. आठच्या सुमारास चिरंजीवांनी घोडी आणून गोळ्यावर ठेवली आणि तिचा दांडा दाबून आवळला. दांडा बसला, पण घोडीला हात लावताच ती जात्याच्या पाळीसारखी अल्लद फिरली. त्यांनी पुन्हा उचलून पुन्हा बसविली. पुन्हा फिरली. मग ते खाली वाकले, गोळ्यावरून बोट फिरविले, आणि त्या बोटाकडे बघत म्हणाले, "बाबा, तुम्ही याला काही लावलंत का?"

चोरी कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

चिरंजीव रागावले नाहीत. ते रागावत नाहीत, हाच तर त्यांचा मोठा दोष आहे. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन गोळा दोनदा पुसला आणि शांतपणे मला समजावून सांगितले. गाडा ओढायचा असतो तेव्हा वळणावळणावर तो गोळ्याभोवती फिरावा लागतो, म्हणून त्याच्या साध्या जोडाला वंगण लावतात. घोडीचे उलटे. ती मुळीच फिरता कामा नये. तिचे जबडे केवळ घर्षणाने गोळा धरून ठेवतात. तिथे तेलाचा थेंब पडला, की पकड गेली.

मी मान डोलावली. जिथे चालायला हवे तिथे तेल आणि जिथे धरायला हवे तिथे कोरडेपणा, एवढी साधी गोष्ट. पण आयुष्यभर मी दिसेल त्या लोखंडाला तेल घालत आलो होतो.

पुढचे काम म्हणजे एक सोहळाच होता. सगळ्यांत जड सायकल गाडीच्या अगदी जवळ, हलकी सगळ्यांत बाहेर. कारण भार जितका लांब तितका दांड्याला ताण अधिक. बाळाला कडेवर घेणाऱ्या कोणत्याही बाईला हे तत्त्व ठाऊक असते. एका सायकलचे तोंड डावीकडे तर दुसरीचे उजवीकडे. नाहीतर हँडल हँडलात अडकून त्यांची झोंबाझोंबी होते. पेडल फिरवून अशा बेताने ठेवायचे, की ते शेजारणीच्या चाकाच्या आऱ्यांत घुसू नये. प्रत्येक सायकलची दांडी एकेका हाताने पकडायची. त्या हाताचा गोल खटका पुरेसा आवळला, की 'कट्' असा आवाज येतो. सांगाडा कार्बनचा असेल, तर अशी चिमटीत दांडी धरायचीच नाही, तो चेपतो. आमच्या सायकली साध्या ॲल्युमिनियमच्या. शिवाय दांडी दांडीला घासू नये म्हणून सौ. ने मध्ये घालायला फडकी दिली. ती तिने काशीगावाहून चहाच्या बरण्यांना गुंडाळून आणली होती. इंग्लंडला जाताना जुनी फडकी कशाला, असे मी तिला विमानतळावर विचारले होते. ते मला त्या क्षणी परत घ्यावे लागले.

शेवटी चाकांचे दातेरी पट्टे. हे काम माझ्याकडे आले. मी सहाही चाकांचे पट्टे मन लावून ओढले. मग सायकलींच्या आड गाडीचे दिवे आणि नंबर झाकला जातो म्हणून घोडीच्या पाठीवर दुसरा नंबर आणि दुसरे दिवे. त्यांची तार गाडीच्या खोबणीत खोचायची आणि कोणीतरी मागे उभे राहून दिवे लागतात की नाही ते सांगायचे. मी मागे उभा राहून "डावा लागला! उजवा लागला! ब्रेकचा लागला!" असा खड्या आवाजात पुकारा केला. समोरच्या घरातल्या एका बाईंनी पडदा सारून पाहिले.

आणि मग ती गोष्ट घडली. सगळे गाडीत बसू लागल्यावर चिरंजीव सहज रेंगाळल्यासारखे मागे गेले आणि मी बांधलेला प्रत्येक पट्टा त्यांनी हळूच ओढून पाहिला. एकेक करून सहाही. मला दिसू नये अशा बेताने. पण गाडीच्या आरशात मला सगळे दिसत होते. सूनबाईंनी आवळलेले खटके त्यांनी पाहिले नाहीत. फक्त माझे पट्टे.

वाचकहो, मला ते लागले. वंगणाचा प्रमाद ताजा होता, हे मान्य. पण मागे वळून पाहताना माझ्या ध्यानात आले, की हे आजचे नाही. चिरंजीव कॉलेजात असल्यापासून मी लावलेले कुलूप ते ओढून पाहत, मी बांधलेल्या ट्रंकेची दोरी ते चाचपून पाहत. वंगणाच्याही कितीतरी आधीपासून.

आम्ही गेलो त्या डोंगराळ मुलखाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. १९५१ साली जाहीर झालेले ते ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथे लेडीबोअर नावाचा मोठा जलाशय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो भरला आणि डरवेंट व ॲशॉप्टन ही दोन गावे त्याच्या पोटात गेली. सौ. पाण्याकडे बघत म्हणाली, "आपल्या मुळशीसारखंच की हो!" थालीपिठाचा डबा गाडीच्या मागच्या कप्प्यात होता आणि कप्प्याच्या दारापुढे तीन सायकली. मला वाटले, झाले आता. पण चिरंजीवांनी पायाने एक खटका दाबला आणि सगळी घोडी, सायकलींसकट, गाय मागे सरावी तशी कलून बाजूला झाली. ते पाहून सौ. चे त्या यंत्राविषयीचे मत कायमचे अनुकूल झाले.

डबा खाता खाता चिरंजीवांनी या डोंगरी सायकलींचा इतिहास सांगितला. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या जाडजूड सायकली दामटीत मातीच्या उतारांवरून खाली येऊ लागले. १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. उतार असा, की मागच्या चाकातले ब्रेक तापून आतले वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवे भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. आणि सायकली डोंगरावर नेत कशा? बहुतेक वेळा ट्रकमध्ये टाकून! म्हणजे सायकलने मोटारीत बसण्याची ही चाल या सायकलीच्या जन्मापासूनची. पुढे वीस वर्षांनी, १९९६ साली, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

मीही मागे राहिलो नाही. आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली, ते मी सांगितले. तिथेही सायकलस्वारांच्या सोबतीला त्यांच्या माणसांच्या मोटारी असतात. नाव होते ते पेडल मारणाऱ्याचे. मागच्या मोटारीत सायकली बांधणारा कोणी असतो, त्याचे नाव कुठे छापून येत नाही. आणि ते बरेच आहे. कारण बांधणाऱ्याचे नाव निघते ते फक्त गाठ सुटल्यावर.

हे वाक्य मी बोललो आणि गप्प झालो. त्याचे कारण तेव्हा कोणाला सांगितले नाही. ते आता सांगतो.

१९६८ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बदली मनोरच्या बाजूहून सफाळ्याच्या बाजूला झाली. मास्तरचे बिऱ्हाड ते केवढे! एका ट्रकच्या अर्ध्या कोपऱ्यात मावले. सर्वांत वर अण्णांची सायकल. रॅले. नॉटिंगहॅमची बनावट, कोणाकडून तरी जुनी घेतलेली. पण अण्णा ती रोज पुसायचे. ती बांधायचे काम मी हट्टाने मागून घेतले. नव्या गावी पोचल्याबरोबर सगळ्यांच्या आधी सायकल खाली काढून एक फेरी मारायची, असा माझा बेत होता. म्हणून मी मारली सुरगाठ. एक टोक ओढले, की सुटणारी.

वरईकडून तांदुळवाडीचा चढ चढून आम्ही पलीकडे उतरलो. गावी पोचल्यावर मी ट्रकवर चढलो, तर सायकल नव्हती. दोरी तेवढी लोंबत होती. दुसऱ्या दिवशी अण्णा चालत मागे गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त सायकलची घंटी होती. बाकीची दरीत होती, आणि जे उरले होते ते आणण्यासारखे नव्हते.

अण्णा कोणाला काही बोलले नाहीत. आई क्लीनरला बोल लावीत राहिली आणि मी ते ऐकत राहिलो. नवी सायकल मास्तरच्या पगारात बसणारी नव्हती. पुढची दोन वर्षे अण्णा शाळेला जाता-येता तीन तीन मैल चालले. कोणी विचारले, तर म्हणत, "चालणं प्रकृतीला बरं." पावसाळ्यात त्यांच्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल असे. मी तो बघत असे आणि पुस्तकात तोंड खुपसत असे. १९९९ साली अण्णा गेले, तोवर गाठ मी मारली होती आणि ती सुरगाठ होती, हे मी त्यांना सांगितले नाही. ती दरवर्षी सांगेन म्हणालो आणि दरवर्षी दिवाळी निघून गेली.

त्याच २०२४ च्या नाताळात चिरंजीव सहकुटुंब काशीगावला आले. नातवाला केळव्याच्या किनाऱ्यावर सायकल चालवायची होती. दोन डोंगरी सायकली ओळखीतून मिळाल्या. पण इथे गोळा कुठला? आपल्याकडे गाड्यांना बहुधा मागे एक कडी तेवढी अडकविता येते, बंद पडली तर ओढून न्यायला. आणि मनात येईल तसा दांडा ठोकून घ्यावा, तर मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. शिवाय मागचा नंबर झाकता कामा नये. तेव्हा टपावर कॅरिअर असलेली एक भाड्याची गाडी ठरविली.

"बाबा, आता तुमचं राज्य," चिरंजीव म्हणाले.

टपावर जुनी गोधडी अंथरली. सायकली उलट्या केल्या, सीट आणि हँडल खाली, चाके आभाळाकडे. एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे. हे शेफील्डचे ज्ञान. चाके वाऱ्याने फिरू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ती बांधली. हे आपले देशी ज्ञान. मग दोरी. १९६८ नंतर मी ट्रकवाल्यांची गाठ मुद्दाम शिकून घेतली आहे. दोरीच्या मध्यावर एक फासा घ्यायचा, टोक कॅरिअरच्या गजाखालून आणून त्या फाशातून ओवायचे आणि अंगाचा भार टाकून ओढायचे. दोरी वीणेच्या तारेसारखी वाजू लागते. त्यावर निरगाठ. एक, दोन, तीन. मी चार मारल्या.

मेट्रोच्या खांबांखालून आम्ही हमरस्त्याला लागलो, वरसाव्याचा पूल ओलांडला. वरई फाट्याला वळलो आणि तांदुळवाडीचा चढ सुरू झाला तसा मला घाम फुटू लागला. डिसेंबरच्या थंडीत. "गाडी थांबवा," मी म्हणालो. खाली उतरून मी दोरी चाचपली. ती तसूभरही हलली नव्हती. चिरंजीव माझ्यामागून उतरले होते. तिथे रस्त्याच्या कडेला उभे राहून, छप्पन्न वर्षांनी, मी त्यांना सगळे सांगितले. सायकल, सुरगाठ, घंटी, चिखल.

चिरंजीव खालच्या दरीकडे बघत होते. म्हणाले, "मला माहीत आहे, बाबा."

"कसं?"

"अण्णाआजोबांनी सांगितलं होतं. मी नववी-दहावीत होतो. म्हणाले, दोरी तुटलेली नव्हती, सुटलेली होती. मास्तरला एवढं कळत नाही का? आणि म्हणाले, तुझ्या बापाला पुढच्या आनंदाची घाई असते, म्हणून त्याची गाठ सुटायला सोपी असते. तू त्याची गाठ एकदा बघत जा. पण त्याला कळू देऊ नकोस. त्याला वाईट वाटेल."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे घशात काही नव्हते. तीस वर्षे माझ्यापासून लपविलेली ती भेट होती. अण्णांनी देऊन ठेवलेली आणि मुलाने निमूट वाहिलेली. आणि मी ती आरशात पाहून रुसलो होतो!

"आज बघितलीस?" मी अखेर विचारले.

"बघितली. निघतानाच." चिरंजीव हसले. "काही करण्यासारखं नव्हतं."

केळव्याला सुरूच्या बनापाशी गाडी थांबली. नातू टपावर चढला आणि दोरीशी झटू लागला. दहा मिनिटे झाली. मग चिरंजीव चढले. मग मी. नखे दुखावली, दातही लावून पाहिले. पण माझ्या चार निरगाठींपैकी एकही सुटेना. समुद्र समोर, सायकली डोक्यावर, आणि नातू रडकुंडीला आलेला.

"आजोबा, सुटेल अशी गाठ मारता येत नाही का तुम्हाला?" तो म्हणाला.

सौ. तोंडाला पदर लावून हसू लागली. चिरंजीवही हसले, आणि मग मीही. शेवटी शेजारच्या शहाळेवाल्याचा कोयता मागून आणला आणि दोरी कापली. तिचा गाठी असलेला तुकडा मी टाकला नाही. काशीगावच्या घरी कपाटात अण्णांची घंटी आहे, तिच्या शेजारी तो ठेवला आहे. परतताना सायकली बांधल्या त्या चिरंजीवांनी. त्यांनी मधली गाठ मारली, सुटेलही आणि धरेलही अशी. मी ती ओढून पाहिली नाही.

खरे सांगू? एकदा पाहिली. पण त्यांना कळू दिले नाही.